टॅगमधलं आवतन

साक्री,
८ फेब्रुवारी २०२६

चंदन,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही आणि आशीर्वादही लिहिलेले नाहीत. विसरले म्हणून नाही, रागात आहे म्हणून. मनातून दिलेले आहेत, ते थांबवायला गेले तरी थांबत नाहीत.

गेल्या अखाजीपासून मी तुला ट्विटरवर (आता एक्स म्हणतात, म्हणोत बापडे) ब्लॉक केलेलं आहे, हे तुला माहीत आहे. तेव्हापासून आपण बोललो नाही. फोन करू शकले असते. पण फोनवर तू 'हां अक्का, हां अक्का' करतोस आणि दुसऱ्या हाताने पोस्ट टाकत बसतोस. म्हणून कागद घेतला. कागद एका वेळी एकालाच जातो.

आता मुद्द्याचं. मी तुझं काही बघत नाही. पण परवा नाशिकच्या एका मुलाचं दिसलं. त्याचे वडील हरवले होते. फोटो, शर्टाचा रंग, डोक्यावर टोपी होती की नव्हती, खाली फोन नंबर. लोक धीर देत होते, कुणी म्हणे स्टँडवर बघा, कुणी म्हणे देवळाकडे बघा. आणि मधेच तू. 'यशोदा केळी वेफर्स. आईच्या हातची चव. आजच मागवा.' तेच वाक्य, तोच फोटो, जे तू भूकंपाच्या बातमीखाली टाकलंस, क्रिकेटच्या खाली टाकलंस, कुणाच्या लग्नाच्या फोटोखाली टाकलंस.

त्याच्या खाली एका माणसाने लिहिलं होतं, 'ही यशोदा मेली का नाही अजून? बंद करा रे तिला कुणीतरी.'

चंदन, मी ते वाचलं तेव्हा भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी जळाली. मी पिठाच्या हाताने त्याला उत्तर लिहिलं, 'मेली हो, मागच्याच्या मागच्या डिसेंबरात मेली.' मग पुसून टाकलं. त्याची काय चूक? त्याला यशोदा म्हणजे एक कटकट एवढंच माहीत. आपल्या आईची ही ओळख तू जगाला करून दिलीस.

तू वेफर्स काढलेस, चांगलं केलंस. व्यापारी भाव पाडून केळी मागतात त्यापेक्षा घरी तळून विकलेली बरी, मी तेव्हाही हेच म्हणाले होते. पुड्यावर आईचं नाव घातलंस तेव्हा मी इथे एकटीच रडले आणि सासूबाईंना सांगितलं कांदा चिरत होते. पण ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाच्या दारात दुसऱ्यांदा उसनं मागितलं नाही, तिला तू दारोदार फिरवतोयस. हे थांबव.

एवढंच सांगायचं होतं. तुझ्या बायकोला, नूतनला, विचारलंय म्हणून सांग. तुला नाही विचारलेलं.

सुलक्षणा

•

साक्री,
२४ फेब्रुवारी २०२६

चि. चंदन,

बघ, या वेळी 'चि.' लिहिलं. जास्त फुगू नकोस.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, वेफर्सचं खोकं आणि त्यात पुड्यांच्या मधे दुमडलेला कागद. कागदाच्या डोक्यावर छापलेलं 'आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभारी आहोत'. बहिणीला पाठवताना तेवढं तरी फाडायचं होतं. वेफर्स चांगले आहेत. मीठ किंचित जास्त. सासूबाईंनी एक पुडा उशाखाली ठेवलाय आणि वर विचारतात, "हाई तुना भाऊनं शे का?" मी हो म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग तो कव्हय यी?" तू कधी येणार ते मला तरी कुठे माहीत, मी बाकीचे पुडे उचलून आत नेले.

तर अकाउंट बंद पडलं म्हणतोस. माझं पत्र पोचायच्या आधीच. ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग खालचं वाचलं, की सगळी गिऱ्हाइकं तिथूनच येत होती, तळणाऱ्या बायकांना काम नाही, तेलाचे डबे तसेच पडलेत, नूतन रात्री जेवत नाही. मग बरं वाटायचं थांबलं. आणि शेवटी तुझं वाक्य, 'अक्का, तुझं अकाउंट लहान आहे पण लोक तुझ्याशी बोलतात. माझ्याशी कुणी बोलत नाही. असं का?'

हे तू खरं विचारलंस म्हणून सांगते. नीट वाच, आणि एकदा वाचून ठेवून देऊ नकोस.

तुला आपल्या असोद्यातल्या कुणीतरी ते ॲप लावून दिलं ना, आपोआप उत्तरं टाकणारं? तू शेतात पाणी धरत असतोस आणि ते इकडे तुझ्या तोंडाने बोलत असतं. त्या हरवलेल्या बापाच्या खाली तू नव्हतासच, ते होतं, हे मला आता कळलं. पण नाव तुझं आणि आईचं. सेटिंगमध्ये जा, कुठल्या कुठल्या ॲपला परवानगी दिलीस ते दिसेल, त्या सगळ्यांची काढून घे. एकही ठेवू नकोस. मग पासवर्ड बदल. आणि 'हजार फॉलोअर फुकट' असं म्हणणाऱ्या कुठल्याही लिंकला हात लावू नकोस. फुकट काय येतं हे शेतकऱ्याला मी सांगावं?

मग त्यांना अर्ज कर. खरं लिही. ॲप लावलं होतं, चूक झाली, काढलं. रडगाणं नको, थापा नकोत. आणि तोवर दुसऱ्या नावाने अकाउंट उघडू नकोस. पंगतीतून उठवलेला माणूस मिशा लावून परत बसला तर वाढपी ओळखतातच.

आता माझ्याशी लोक का बोलतात ते. मी काय करते रे? बाजाराच्या दिवशी डोंगरावरच्या बायका काय काय घेऊन येतात ते लिहिते. कुणाकडे कसली रानभाजी, ती कशी निवडायची, तिच्या घरी ती कोण खात नाही. कुणी विचारलं तर उत्तर देते, माहीत नसेल तर त्या बाईला पुढच्या बाजारी विचारून सांगते. कुणालाही टॅग करत नाही, ज्याचा खरंच संबंध आहे तो सोडून. एवढंच आहे. यात कुठली विद्या नाही.

टॅगवरून आठवलं. आठवलं कसलं, विसरले कधी होते.

तू लिहिलंयस, 'अक्का, तू ब्लॉक का केलंस ते मला अजून कळलं नाही, मी तर तुला अखाजीचं आवतन दिलं होतं, तूच आली नाहीस.' चंदन, मी हे वाक्य यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "त्याला खरंच कळलेलं नसेल." हे फार चांगले आहेत, सगळ्यांबद्दल चांगलं बोलतात. मी नाही तशी.

आई जाऊन पहिली अखाजी होती ती. पितरांच्या घागरींत आईच्या नावाची पहिली घागर भरायची होती. आई होती तोवर मला कुणी न्यायला आलं काय, न आलं काय. मी एसटीत बसायचे, धुळ्याला गाडी बदलायचे, जळगावहून रिक्षा करून असोद्याला यायचे, कारण दारात आई असायची. आई नसल्यावर लेक आपली आपण येत नाही रे. तिला कुणीतरी न्यायला लागतं. भाऊ मुऱ्हाळी होऊन दारात उभा राहिला की तिला कळतं, आपलं माहेर अजून आहे. मी चार दिवस आधी पिशवी भरली होती. इकडे गल्लीतल्या एकेकीचा भाऊ येत होता, कुणी मोटारसायकलवर, कुणी जीप घेऊन. सासूबाई ओट्यावर बसून मोजत होत्या. "बठ्ठास्ना भाऊ उनात, तुना कोठे शे वं?"

आणि मोबाइल वाजला. तुझी पोस्ट. 'सर्व माहेरवाशिणींना अखाजीचं आग्रहाचं आवतन, यशोदा वेफर्सवर अक्षय्य तृतीयेनिमित्त खास सवलत.' खाली पन्नासेक नावं टॅग केलेली. रावेरचा केळीचा व्यापारी, खताचा दुकानदार, कुठलीशी नटी, दोन आमदार, आणि त्यांच्या मधे मी. माझ्या मागे ट्रकवाला गिरधर, पुढे प्लास्टिक पिशव्यांचा कारखाना.

मी पिशवी रिकामी केली आणि तुला ब्लॉक केलं. घागर कुणी भरली मला माहीत नाही.

सुलक्षणा

•

साक्री,
१७ मार्च २०२६

चि. चंदन,

अकाउंट परत मिळालं, वाचून बरं वाटलं. या वेळचं बरं वाटणं खरं आहे.

तुझं पत्रही पत्रासारखं होतं. तू लिहिलंस, 'अक्का, गावजेवणाला आपल्याकडे चूलबंद आवतन देतात, एकदा हाळी दिली की घरातली चूल बंद, लहान-थोर सगळे जेवायला. मला वाटलं पोस्ट म्हणजे तसंच. उलट मोठा मान. सगळ्या जगासमोर तुला बोलावलं.' मी हे तीनदा वाचलं. खोटं वाटत नाही. तू लहानपणापासून असाच आहेस, मोठ्याने बोललं म्हणजे प्रेमाने बोललं असं तुला वाटतं.

पण भाऊ, चूलबंद आवतन गावाला देतात. बहिणीला नाही देत.

यावर मी आता जास्त लिहिणार नाही. तुझ्या पोस्टबद्दल बोलू.

(मी बघत नाही असं म्हणाले होते. ब्लॉक केलेल्याचं पान उघडलं की ते विचारतं, तरी बघायचं आहे का? मी हो म्हणते. रोज म्हणते. आता तुला कळलंच तर कळू दे.)

पहिल्या दिवशी तू लिहिलंस, 'आम्ही परत आलो आहोत. दर्जा तोच, चव तीच.' आम्ही कोण रे? तू आणि नूतन? सरळ 'मी' म्हण. दुसऱ्या दिवशी एका वेळी सहा हॅशटॅग. केळीच्या पोस्टला क्रिकेटचा हॅशटॅग कशाला? लोक क्रिकेट बघायला येतात आणि तुझी केळी पायात येतात, मग शिव्या घालतात. लावायचाच तर एक लाव, जळगावच्या केळीचा, आणि तोही गरज असेल तेव्हा.

तिसऱ्या दिवशी ज्याने ज्याने फॉलो केलं त्याला त्याला तू आतल्या निरोपात दरपत्रक पाठवलंस. कुणी पहिल्यांदा ओसरीवर टेकला की त्याला आधी पाणी देतात. पावतीपुस्तक नाही काढत.

आणि तीनशे लोकांना एका बैठकीत फॉलो करून ठेवलंस, ते तुला करतील या आशेने. हे नको करूस, पुन्हा संशयात येशील. ज्याचं वाचायला आवडेल त्याला कर. ज्याचं आवडतं त्याला एखादं वाक्य लिही, तेही त्याच्या बोलण्याबद्दल, वेफर्सबद्दल नाही. आपल्या बन्सीलाल नानांचं आठवतं का? आले की आपलीच कथा लावायचे, आपण विचारलेलं राहून जायचं. ते आले की आई चूल फुंकायच्या निमित्ताने आत जाऊन बसायची. तू त्या नानांसारखा झाला होतास.

मग लिहायचं काय, असं विचारशील. तुला काय दिसतं ते लिही. पहाटे बागेत गेल्यावर काय दिसतं. वेफर्ससाठी केळं किती कच्चं लागतं, कसं ओळखतोस. तुझ्या हाताला चीक लागून काळं झालेलं कसं जातं, की जातच नाही. पुण्याच्या माणसाला यातलं काही माहीत नसतं, त्याला ते वाचावंसं वाटेल. विकायचं आठ-पंधरा दिवसांतून एकदा लिही. ज्याला हवं असेल तो आपणहून विचारतो.

मीठ कमी केलंस का?

इथे ऊन तापायला लागलंय. डोंगराकडून येणाऱ्या बायका आता पहाटे पहाटे बाजारात पोचतात. सासूबाईंनी काल पंचांग बघितलं आणि मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, यंदा अखाजी रविवारी आहे. मी ताक घुसळत राहिले. तुला मी काही म्हणत नाही.

अनेक आशीर्वाद,
अक्का

•

साक्री,
६ एप्रिल २०२६

चि. चंदन,

अनेक आशीर्वाद. नूतनला गोड पापा, तिला म्हणावं लाजू नकोस.

तुझं कौतुक करायला बसलेय, तर शब्द सापडेनात. शिव्या कशा धडाधड येतात.

त्या वडील हरवलेल्या मुलाची तू माफी मागितलीस, ते मी वाचलं. सगळ्यांसमोर नाही मागितलीस, त्याच्याच पोस्टखाली मागितलीस, दोन ओळींत. आणि त्याने उत्तर दिलं, वडील सापडले, मनमाडला होते. मला त्या बापाचा कोण आनंद झाला. जणू काही आपलेच आबा सापडले.

आणि मग परवाची पोस्ट. 'आज घड कापले. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून आई कापणीला एकच जुनं लुगडं नेसायची. हिरवं होतं, डागांनी काळं झालं. ते अजून खुंटीवर आहे. बायको म्हणते आता काढू या. मी म्हणतो राहू दे.'

किती लोकांनी वाचलं ते. हजारो. सांगलीचा एक म्हातारा माणूस लिहितो, माझ्या आईचंही असंच एक होतं, हळद काढायचं. कुणी म्हणे रडू आलं दादा. आणि त्याखाली लोक स्वतःहून विचारतायत, वेफर्स कसे मागवायचे. मी म्हटलं होतं ना? यांना मी मोबाइल दाखवला. म्हटलं, माझा भाऊ आहे हा. हे हसले, म्हणाले, "मला ओळख करून देतेस का?"

चंदन, ते लुगडं आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं दिवस झाल्यावर आईच्या कपड्यांबरोबर कुणाला देऊन टाकलं असेल. मला विचारायचा धीर झाला नव्हता. आणि आता जगाबरोबर मला कळलं. सांगलीच्या त्या म्हाताऱ्याबरोबर कळलं.

मी शिकवलं तसंच तू लिहितोयस, म्हणून बोलायला तोंड नाही मला. तू लिहितोस आज कडुलिंबाला झोका बांधला, मी वाचते. नूतनने घागरींवर मांडायला डांगरं, खरबुजं आणून ओळीने ठेवली, मी वाचते. ओसरीवरचा तो फुटका कोपरा सिमेंटने बुजवला, तेही मी मोबाइलवर वाचते, बाजारात शेपूच्या जुड्यांपाशी उभी राहून. पूर्वी तू नुसता वेफर्स वेफर्स ओरडायचास तेव्हा घर दिसत नव्हतं. तेव्हा सोपं होतं रे. आता रोज घर दिसतं आणि मी इथे.

साताऱ्याच्या एका बाईंनी लिहिलंय, 'तुमचं घर बघायला यावंसं वाटतं.' तू लगेच उत्तर दिलंस, 'या ना ताई, घर तुमचंच आहे.'

छान लिहिलंस. माणसाशी असंच बोलावं.

पुढच्या पंधरवड्यात अखाजी आहे. अखाजीचा झोका माहेरवाशिणीचा असतो; तू तो कुणासाठी बांधलाय ते लिहिलेलं नाहीस.

अक्का

•

साक्री,
२० एप्रिल २०२६

चंदन,

काल अखाजी झाली.

मी या वेळी पिशवी भरली नव्हती. म्हणजे भरली नव्हती असं सगळ्यांना सांगितलं होतं. दोन लुगडी बाजूला इस्त्री करून ठेवली होती, तेवढंच. शनिवारी सकाळी ओटा सारवला, दुपारी पुन्हा झाडला. धुळ्याकडून येणारी गाडी गेली की मी दार उघडून बाहेर यायचे, काहीतरी वाळत घातलंय का बघायला. काही वाळत घातलेलं नव्हतं. सासूबाईंनी या वेळी विचारलंच नाही, तुझा भाऊ कुठे म्हणून. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी गपचूप माझ्या ताटात एक सांजोरी जास्त वाढली.

संध्याकाळी मी तुझं पान उघडलं. 'आज घागरी भरल्या. आईची, आबांची. खीर, आमरस, कुरडया. सगळं तिच्या पद्धतीने केलं. झोका रिकामाच हलतोय.' आणि झोक्याचा फोटो. लोकांनी लिहिलंय, किती सुंदर. किती हळवं लिहिता दादा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झोका रिकामा आहे हे तू हजार माणसांना सांगितलंस. तो रिकामा का आहे हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. आणि ज्या एका बाईमुळे तो रिकामा आहे तिला तू एक अक्षर कळवलं नाहीस.

आता मी लाज सोडून लिहिते. बाईने आपल्या तोंडाने माहेर मागू नये असं आईने शिकवलं होतं. आई गेली, तिचं शिकवणंही माझ्या उपयोगाचं राहिलं नाही. मला यायचं होतं. पहिल्या वर्षी यायचं होतं, याही वर्षी यायचं होतं. मला आईची घागर भरायची होती. मला त्या खुंटीपाशी उभं राहायचं होतं. मला नूतनच्या हातचं वाईट झालेलं पुरण खाऊन, छान झालंय, असं म्हणायचं होतं. ट्विटरवर कसं वागावं हे तू मला विचारलंस आणि मी शहाण्यासारखी सांगत बसले, कुणाला टॅग कर, कुणाला करू नकोस. मी दोन महिने तुला एकच गोष्ट सांगत होते आणि ती सोडून तू सगळं शिकलास.

मला न्यायला ये, असं मी लिहिणार होते. पण आता सण होऊन गेला. आता काय म्हणून येशील?

याचं उत्तर पाठवू नकोस. खोकं तर मुळीच पाठवू नकोस.

सुलक्षणा

•

साक्री,
२३ एप्रिल २०२६

चि. चंदन,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू बाहेर ओसरीवर बसलायस, मी आत स्वयंपाकघरात आहे. चहाला वेळ लागतोय असं मी सांगितलंय. चहा केव्हाच झालाय. माझे डोळे निवळेपर्यंत मला बाहेर येता येणार नाही, म्हणून ओट्यावर कागद ठेवून लिहितेय. दोन महिने तुझ्याशी कागदावर बोलायची सवय लागलीय, एकदम तोंडाने जमेना.

सासूबाई आधी बाहेर होत्या. त्यांनीच हाक मारली, "सुलक्षणा, उना वं तुना भाऊ." मला वाटलं चिडवतात. मग तुझा आवाज आला, "मावशी, पाया पडतो." मी हातातलं वाटण तसंच टाकलं.

तू किती वाळलायस. आणि केस कुणी कापले असे?

मी दारात येऊन विचारलं, "अखाजी झाली की. आता कसाले आला?" तू म्हणालास, "अखाजीसाठी नाही आलो. तुले न्यायला आलो." एवढंच. हे म्हणाले, अरे आधी बस तरी. मी म्हटलं, माझं पत्र मिळालं वाटतं. तू म्हणालास, कोणतं पत्र? मार्चचं? एप्रिलचं?

म्हणजे विसाव्या तारखेचं तुला मिळालेलंच नाही. ते अजून वाटेतच असेल. तू आपला आपण आलास. मी न मागता आलास. हे मला समजलं आणि मी पळत आत आले, पाण्याचं निमित्त करून.

आणि मग आतून ऐकलं, तू यांना हळू आवाजात सांगत होतास. तुला वाटतं मला ऐकू येत नाही. शनिवारी तू निघाला होतास. धुळ्यापर्यंत आलास. स्टँडवर साक्रीची गाडी उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. तू चढला नाहीस. दोन तास बाकावर बसलास आणि जळगावची गाडी धरून परत गेलास. हे म्हणाले, "का रे बाबा?" तर तू म्हणालास, "दाजी, अक्कानं मले ब्लॉक केलेलं आहे. तिनं अजून काढलेलं नाही. मी रोज बघतो. दार लावलेल्या घरी कसा जाऊ?"

चंदन, मी काढायला हवं होतं रे. मी रोज 'तरी बघायचं आहे का' ला हो म्हणत राहिले आणि तू तिकडे दाराबाहेर उभा आहेस हे मला सुचलं नाही. मला वाटायचं वाट मी एकटीच बघतेय.

तर आत्ता मोबाइल घेतला आणि आधी ते काढलं. तुझ्या पानावर गेले. तिथे रविवारनंतर काही नाही. प्रवासाचा फोटो नाही, बहिणीकडे निघालो असं नाही, एक ओळ नाही. खाली लोक विचारतायत. दादा, आज पोस्ट नाही? सगळं बरं आहे ना? कुठे आहात? साताऱ्याच्या त्या बाईंनी तर दोनदा विचारलंय. कुणालाच माहीत नाही तू कुठे आहेस. तू कुणालाच सांगितलेलं नाहीस.

मीही सांगणार नाही. पिशवी भरायला मला पाच मिनिटं लागतील, तोवर यांच्याशी बोल. चहा घेऊन येते.

तुझी अक्का